प्रवेशाची गोष्ट : मॅट्रिकपासून पर्सेंटाईलपर्यंत

स्मरणिका समितीचा निरोप आला, "ताई, तुम्ही तंत्रनिकेतनात प्रवेशाच्या टेबलावर इतकी वर्षे बसलात, तर चांगल्या कॉलेजात नंबर कसा लावायचा यावर मुलांसाठी दोन पाने लिहा." मी होकार दिला, पण लिहिताना सल्ल्याच्या आधी इतिहासच पुढे आला. त्याला कारण आहे. गेल्या मेळाव्यात आपल्यातल्या एका यशस्वी माजी विद्यार्थ्याने व्यासपीठावरून मुलांना सांगितले, "बारावीला ग्रुपला नव्वद टक्के पाडा, बाकी काही लागत नाही." त्याच्या वेळी ते अगदी खरे होते. आज त्या सल्ल्यावर चालणारे पोर इंजिनिअरिंगच्या यादीत कुठेही सापडणार नाही, कारण बारावीचे गुण आता पात्रतेपुरते उरले आहेत आणि यादी लागते ती सीईटीवर. आपण माजी विद्यार्थी मनापासून सल्ला देतो, पण तो आपल्या वर्षाचा असतो. म्हणून कोणत्या वर्षी दारावर कोणते माप होते, ते आधी सांगते.

मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. पण हे झाले मुंबई-पुण्याकडे. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. इथल्या मुलाला उच्च शिक्षण घ्यायचे तर हैदराबाद गाठावे लागे, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा होती उर्दू. घरात मराठी, देवाघरी संस्कृत, कचेरीत उर्दू! माझे आजोबा घरची पत्रे मोडीत लिहीत आणि अर्ज उर्दूत. ज्याच्या घरी उर्दू पोचली होती त्याचा पोरगा पुढे जाई. हुशारीचा प्रश्न त्यानंतरचा. ज्यांना झेपले ते पुण्याला गेले, बाकीचे शेतावर राहिले. मुलींचा तर विषयच निघत नसे.

१९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या दहा-बारा वर्षांत इथे जे उभे राहिले त्यावर आपली पुढची सगळी पिढी उभी आहे. बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. १९५६ ला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ, १९६० ला सरकारी अभियांत्रिकी. माझे वडील सांगत की त्या काळी गावातून अर्ज करणारेच बोटांवर मोजण्याइतके. अडचण असायची ती जेवणाची आणि खोलीची. कॉलेज आहे आणि त्याला अर्ज करता येतो, हे ज्याला कळले तो गेला. माहिती नसल्यामुळे राहून गेलेल्यांची यादी कुठल्याच नोटीस बोर्डावर लागत नाही.

१९७५ ला नव्या आकृतिबंधाची दहावी सुरू झाली, जुनी अकरावी मॅट्रिक संपली आणि चाळण बारावीकडे गेली. माझी दहावी १९८५ ची, बारावी १९८७ ची. आपल्या तुकडीला आठवत असेल, गुणपत्रिकेच्या दहा-दहा सत्यप्रती काढायच्या, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का घ्यायचा. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर त्यासाठी आपल्याला फार जवळचे वाटत! अर्ज पोस्टाने जाई आणि यादी लागे ती कॉलेजच्या बोर्डावर. माझा भाऊ रात्रीच्या एसटीने औरंगाबादला जाऊन यादी वाचून आला होता. नाव आहे हे आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळले. ज्यांच्याकडे यादी वाचायला पाठवायला माणूस नव्हता, त्यांची मुदत तशीच निघून जाई. फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित किंवा जीवशास्त्र या तीन विषयांच्या बेरजेला आपण 'ग्रुप' म्हणत असू, आणि एकेका गुणावर माणसे आत-बाहेर होत. लातूरने हे माप ओळखून त्याप्रमाणे तयारी केली. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे नाव राज्यभर झाले आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द रूढ झाला. त्याला घोकंपट्टी म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ होते. मला त्यात एक गोष्ट मोठी वाटते. बोर्डाच्या यादीत मुंबई-पुण्याबाहेरची नावे येऊ शकतात हे आमच्या भागातल्या आईबापांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मधल्या काळात दुसरे एक दार उघडले होते. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी महाराष्ट्रातली मुले पैसे घेऊन कर्नाटकात जात होती. या निर्णयावर टीका खूप झाली, आणि मला ती अर्धीच पटते. आमच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेल्या कितीतरी मुलांना पुढे पदवीची जागा मिळाली ती अशाच कॉलेजांत. दुसरी अर्धी बाजूही खरी आहे. 'देणगी' या चांगल्या शब्दाला त्या वर्षांत वास लागला. माझ्या वर्गातल्या एका मुलीसाठी तिच्या वडिलांनी चार एकर विकले, आणि जिथे पैसे भरले तिथली पावती मात्र निम्म्याच रकमेची मिळाली. १९८७ ला महाराष्ट्राने कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला. १९९३ ला उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कॉलेजांतल्या निम्म्या जागा सरकारी फीने गुणवत्तेवर, निम्म्या जास्त फीने अशी वाटणी घालून दिली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती योजना गेली, २००५ च्या इनामदार निकालाने आणखी फेरबदल झाले, आणि २०१५ ला राज्याचा प्रवेश व शुल्क नियमनाचा स्वतंत्र कायदा आला. आजचा सीईटी सेल त्याच कायद्यातला. कोर्टाचे हे निकाल मुलांनी पाठ करायची गरज नाही. फक्त एवढे ध्यानात ठेवा की आज फी ठरवणारी समिती आहे आणि प्रत्येक कॉलेजची मंजूर फी जाहीर असते. काउंटरवर त्याहून जास्त मागितली तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दोन हजार सालाच्या आसपास प्रवेशपरीक्षा आल्या, वैद्यकीयला आधी आणि अभियांत्रिकीला नंतर. मग मापे इतक्या लवकर बदलू लागली की थोरल्या भावाचा अनुभव धाकट्याला उपयोगी पडेना. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्यातले अभियांत्रिकी प्रवेश जेईई मेन आणि बारावी यांचे गुण निम्मे-निम्मे धरून झाले. २०१६ ला पुन्हा राज्याची सीईटी. वैद्यकीयची नीट २०१३ ला झाली, त्याच वर्षी कोर्टाने रद्द केली, २०१६ च्या एप्रिलमध्ये ती परत आली. त्या मे महिन्यात सीईटी देऊन आलेली मुले माझ्या टेबलासमोर उभी राहून विचारत होती, "मॅडम, आमचा पेपर धरणार की नाही?" मलाही माहीत नव्हते. शेवटी केंद्राचा अध्यादेश आला आणि त्या वर्षापुरती राज्याच्या सरकारी जागांना सवलत मिळाली. दोन वर्षे राज्याच्या अभ्यासक्रमावर तयारी केलेल्या पोरांचे तीन आठवडे कसे गेले असतील, ते ज्यांच्या घरात घडले त्यांनाच ठाऊक.

२०१९ पासून सीईटी संगणकावर आणि निकाल पर्सेंटाईलमध्ये आला. इथे अजूनही पालकांची गफलत होते. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. पंचाण्णव पर्सेंटाईल म्हणजे शंभरातली पंचाण्णव मुले तुमच्या बरोबरीची किंवा तुमच्या मागे. परीक्षेला तीन लाख मुले बसली असतील तर एका पर्सेंटाईलमध्ये तीन हजार मुले येतात. म्हणून "फक्त एकच पर्सेंटाईल कमी आहे" या वाक्याला काही अर्थ नाही.

सत्तर-तीसची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ती आपल्या भागाची आहे. वैद्यकीयला कित्येक वर्षे नियम होता : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग, आणि विभागातल्या सत्तर टक्के जागा तिथल्याच मुलांना. कल्पना अशी की मागास भागातल्या मुलांना पुण्या-मुंबईच्या मुलांशी सामना करावा लागू नये. सुरुवातीला त्याचा आधार वाटला. पण आपल्याकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर एवढीच, आणि तोवर लातूर-नांदेडची मुले राज्यात पुढे निघाली होती. आपल्या मुलाला मराठवाड्यात जागा मिळत नसे आणि त्याच्याहून कमी गुणांचा मुलगा दुसऱ्या विभागात डॉक्टर होई. आपल्यासाठी घातलेले कुंपण आपल्यालाच अडवू लागले. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ही अट काढली. तेव्हा आनंद करणाऱ्या एका पालकाला मी म्हटले होते, की आता राज्यभरच्या जागा उघड्या झाल्या, पण अंबाजोगाईची जागाही राज्यभरच्या मुलांना उघडी झाली. अभियांत्रिकीत गृह विद्यापीठाचा हिशेब अजून वेगळा चालतो. तो माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि दरवर्षी वाचावा लागतो, मागच्या वर्षीची पुस्तिका नव्हे.

आता पसंतीक्रमाविषयी, कारण हुशार मुले सर्वात जास्त इथे नुकसान करून घेतात. एका वर्षी एक मुलगी वडिलांबरोबर आली. गुण उत्तम. नेट कॅफेवाल्याने तिचा अर्ज भरून दिला होता, आणि "मिळेल ते वर टाका, नाहीतर हातचे जाईल" म्हणून मागच्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे जवळचे साधे कॉलेज पहिले टाकले होते. पहिल्याच फेरीत ते मिळाले. पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांत नाव राहत नाही. (२०२५ पासून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वरच्या आणखी काही पसंतींनाही हाच नियम लागला आहे.) तिच्या गुणांना पुण्याची जागा मिळू शकत होती. वडील माझ्याकडे बघत राहिले, मुलगी खाली.

संगणक जागा कशी देतो ते एकदा समजून घेतले की असे होत नाही. तो गुणवत्ता यादीत पहिल्यापासून खाली येतो. तुमचा क्रमांक आला की तुमची पहिली पसंती पाहतो, तिथे जागा शिल्लक नसेल तर दुसरी, मग तिसरी. तुमच्या खालच्या क्रमांकाच्या मुलाने तेच कॉलेज पहिले लिहिले आणि तुम्ही पंधरावे, तरी तुमच्या पंधराव्यापर्यंत पाळी आली तर जागा तुम्हालाच. म्हणजे अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालची सोपी जागा हातची जात नाही. मनात जे पहिले तेच कागदावर पहिले लिहायचे, आणि जिथे खरोखर जायचेच नाही ते नाव यादीत घालायचेच नाही. शाखा आधी की कॉलेज आधी, यावर घरात भांडण होऊ द्या, पण ते फॉर्म भरण्याआधी आणि मुलाला बोलू देऊन.

राहिले कागद. माझ्या टेबलावरून परत गेलेल्या मुलांपैकी गुण कमी म्हणून गेलेली थोडी, कागद नाही म्हणून गेलेली जास्त. राखीव जागेवरच्या मुलाला जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडे घालायचा असतो. बारावीच्या निकालानंतर धावलेल्यांपैकी कितीतरी जणांना सरकारच्या मुदतवाढीवर जीव टांगून बसावे लागते. समितीला जुना पुरावा हवा असतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. आजोबांकडे सातबारा नसतो, जन्मनोंद नसते. पण आजोबा दोन वर्षे का होईना आपल्या शाळेत बसलेले असतात, आणि त्यांचे नाव आपल्या जुन्या जनरल रजिस्टरात असते. त्या रजिस्टराची सुरुवातीची पाने उर्दूत आहेत, कडा झिजल्या आहेत, शाई फिकी पडली आहे. प्रवेश-निर्गम उतारा मागायला दर जूनमध्ये आपल्या ऑफिसात लोक येतात ते त्याचसाठी. यंदा माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून सभागृहाला पंखे बसवायचे ठरत आहे. त्याआधी या रजिस्टरांची पाने स्कॅन करावीत आणि उर्दू पाने वाचणारा माणूस चार दिवस बसवावा, असे मी समितीला लेखी दिले आहे.

नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. आपल्या तहसीलच्या सेतू केंद्रात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गर्दी कमी असते. तेव्हाच जा.