पांजरपोळ, कुकर आणि निर्जंतुक चिमटा



जीवदयेच्या खात्यात आपण चाऱ्यासाठी, पाण्यासाठी हात सैल सोडतो. पण जखमी गाय टेबलावर घेतली, तर तिला लागणारी कात्री-चिमटे शुद्ध कसे होतात? ही गोष्टही मोठी रंजक आहे.

मुंबईची पांजरपोळ १८३४ची. परळचं बाई साकरबाई पेटिट जनावरांचं रुग्णालय १८८३चं आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चं. मधल्या पन्नास वर्षांत शस्त्रक्रियेचं जगच बदललं.

१८६५मध्ये ग्लासगोला जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बॉलिक आम्ल वापरलं. कार्लाइल गावच्या सांडपाण्यात ते घातल्यावर तिथल्या कुरणांतल्या गुरांना होणारा कृमींचा त्रास थांबला, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणजे माणसाच्या शस्त्रक्रियेला वाट दाखवली ती गुरांच्या कुरणाने!

तरी नुसतं पाणी उकळून भागत नाही. काही जंतू कठीण कवचाचे बीजाणू करून तग धरतात. धनुर्वाताचा जंतू तसाच. तो मातीत राहतो आणि घोड्यांना फार लवकर गाठतो. कितासातो यांनी १८८९मध्ये बर्लिनला मिश्रण ८० अंशांवर तापवलं. बाकीचे जंतू मेले, हा उरला, म्हणून तो वेगळा काढता आला.

यावर उपाय आपल्या ओट्यावरच आहे. दाब वाढला की वाफ शंभर अंशांच्या वर तापते. याच तत्त्वावर पाश्चर यांचे सहकारी शांबर्लां यांनी १८७९मध्ये ऑटोक्लेव्ह बनवला. त्यात साधारण १२१ अंशांची वाफ १५ मिनिटं लागते. मात्र आधी रक्त धुवून, ब्रशने घासून काढायचं आणि कात्रीचा सांधा उघडा ठेवायचा. वाफ पोचलीच नाही तर सगळं व्यर्थ. हे काम परिचारिकेचं. इंग्लंडमध्ये जनावरांच्या परिचारिकांचं रीतसर प्रशिक्षण १९६१मध्ये सुरू झालं.

कुणी म्हणेल, यात सूक्ष्म जीव मरतात. खरं आहे. पण चूल पेटवताना होणारी आरंभी हिंसाही गृहस्थाला पूर्ण टळत नाही. म्हणून तर जयणा सांगितली. अस्वच्छ चिमट्याने जखम चिघळली, तर त्या मुक्या पंचेंद्रिय जीवाची वेदना आपल्याच निष्काळजीपणाची.

म्हणून पर्युषणात देणगी देताना एक प्रश्न जरूर विचारा: इथे ऑटोक्लेव्ह आहे का, आणि तो चालवणारं शिकलेलं माणूस आहे का? नसेल, तर यंदाची पावती त्या नावाने फाडा. चारा पोट भरतो. स्वच्छ हत्यार जीव वाचवतं.