जुन्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड चालेल का? पैसे देण्याआधी तपासायच्या ५ गोष्टी

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथले लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओ असोत की घरी गेम खेळणारी मुले, बऱ्याच जणांकडे दहा-बारा वर्षांपूर्वीचा किंवा ऑफिसमधून निघालेला सेकंडहँड कॉम्प्युटर असतो. त्यात ग्राफिक्स कार्ड टाकले की वेग वाढेल, अशी अपेक्षा असते. मात्र कार्ड ऑनलाइन किंवा पुण्याहून मागवले आणि चालले नाही, तर परत करण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. कार्ड स्लॉटमध्ये बसले म्हणजे ते चालेलच असे नाही.

१. स्लॉट कोणता आहे?

आजची कार्डे पीसीआय एक्सप्रेस x१६ स्लॉटमध्ये बसतात. हा स्लॉट सुमारे ९ सेंटीमीटर लांब असतो. खूप जुन्या बोर्डावर एजीपी स्लॉट असेल, तर नवे कार्ड त्यात बसत नाही. बोर्डाचे मॉडेल विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये किंवा सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसते.

२. व्हर्जन जुने असेल तर?

पीसीआय एक्सप्रेसची व्हर्जन एकमेकांशी जुळतात. ३.० चे कार्ड २.० च्या स्लॉटमध्येही चालते, फक्त वेग कमी मिळतो. जी४१ चिपसेटच्या बोर्डावर १.१, तर एच८१ वर २.० व्हर्जन मिळते. आरएक्स ६४०० सारखे कार्ड १६ ऐवजी ४ च लेन वापरते. त्यामुळे २.० च्या स्लॉटमध्ये त्याला सेकंदाला फक्त २ जीबीच्या आसपास डेटा मिळतो. जुन्या बोर्डासाठी १६ लेनचे कार्ड बरे.

३. एसएमपीएस पुरेल का?

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागत असतील तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते: ६ पिनची वायर ७५ वॅट, ८ पिनची १५० वॅट देते. जीटी १०३० ला फक्त ३० वॅट लागतात. जीटीएक्स १६५० ला ७५ वॅट लागतात, पण त्याच्या काही मॉडेलना ६ पिनची वायरही लागते. एसएमपीएसवरच्या लेबलवर १२ व्होल्टसमोरचा आकडा पाहा, फक्त ‘४५० वॅट’ लिहिलेले पाहून भागत नाही. ब्रँडेड कॉम्प्युटरमध्ये अनेकदा बोर्डाला जाणारा प्लग वेगळा असतो, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही.

४. कॅबिनेटमध्ये जागा आहे का?

स्लॉटपासून समोरच्या हार्डडिस्कपर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि कार्डाच्या लांबीशी ताडून पाहा. बारीक कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचे, म्हणजे लो-प्रोफाइल कार्डच बसते. त्याची छोटी पट्टी बॉक्समध्ये आहे का, हे विक्रेत्याला विचारा.

५. बायोस साथ देईल का?

यूईएफआय येण्याआधीच्या बोर्डावर काही नवी कार्डे लावल्यावर स्क्रीन काळीच राहते. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर बायोस अपडेट आहे का, ते पाहा. अपडेट करताना लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून यूपीएस हवाच. इंटेल आर्क कार्डे जुन्या बोर्डासाठी घेऊ नयेत, कारण पूर्ण वेगासाठी त्यांना ‘रिसायझेबल बार’ ही सुविधा लागते.

व्हिडिओ एडिटिंगसाठी एक गोष्ट

जीटी १०३० आणि आरएक्स ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोडर नाही. म्हणजे व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना या कार्डांची मदत होत नाही, सगळा भार प्रोसेसरवरच पडतो. जीटीएक्स १६५० मध्ये एन्कोडर आहे.

दुकानात जाताना बोर्डाचे मॉडेल, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो आणि कॅबिनेटचे माप मोबाइलमध्ये ठेवा. सेकंडहँड कार्ड असेल तर आपल्याच कॉम्प्युटरवर लावून पाहा आणि मगच पैसे द्या. प्रोसेसर फारच जुना असेल, तर महागड्या कार्डापेक्षा आधी एसएसडी आणि रॅमवर खर्च केलेला बरा.