पास्त्याला पर्याय भाज्यांचा

शहरी घरांत पोहे-उपम्याच्या पंक्तीला पास्ता येऊन बसला, त्याला आता बराच काळ लोटला. त्याच घरांत मधुमेहाची आणि वाढत्या वजनाचीही चिंता असते. त्यामुळे पास्त्याच्या जागी भाजीच्या शेवया किंवा पातळ पट्ट्या वापरण्याची पद्धत हळूहळू रुळू लागली आहे. झुकिनी, गाजर, दुधी, वांगे, कोबी या भाज्या त्यासाठी निवडल्या जातात. ताट दिसायला तेच राहते. पोटात मात्र अगदी वेगळे अन्न जाते. हा फरक ओळखून केलेला बदल उपयोगी ठरतो. तो न ओळखल्यास जेवण अपुरे पडते आणि क्वचित प्रकृतीवरही बेतते.

मुळात पास्ता हा डुरम या कठीण दाण्याच्या गव्हाच्या रव्यापासून करतात. आपल्याकडे याच जातीच्या गव्हाला बन्सी म्हणतात. इटलीत तर वाळवलेला पास्ता डुरमच्याच रव्याचा असावा, असा कायदा १९६७ मध्ये झाला. झुकिनीचे मूळ कुळ अमेरिका खंडातले. कोलंबसानंतर भोपळ्याच्या जाती युरोपात पोचल्या आणि आजची लांबट, हिरवी झुकिनी एकोणिसाव्या शतकात उत्तर इटलीत, मिलानच्या परिसरात विकसित झाली. इटालियन भाषेत ‘झुक्का’ म्हणजे भोपळा आणि झुकिनी म्हणजे लहान भोपळे. थोडक्यात, पास्त्याला हटवू पाहणारी ही भाजीही इटलीचीच लेक आहे.

उष्मांकांचा हिशेब

शिजवलेल्या १०० ग्रॅम पास्त्यातून साधारण १५८ उष्मांक, ३१ ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढ्याच कच्च्या झुकिनीत उष्मांक १७, कर्बोदके ३ ग्रॅम आणि प्रथिने जेमतेम सव्वा ग्रॅम. उरलेले जवळजवळ ९५ टक्के पाणीच. दुधीचे गणितही याच्या आसपासचे आहे. २०० ग्रॅम पास्ता खाणाऱ्याने तेवढीच झुकिनी खाल्ली, तर पावणेतीनशेहून अधिक उष्मांक वाचतात.

वाचलेले हे उष्मांक पुष्कळदा सॉसमधून परत येतात. आपल्याकडे लोकप्रिय असलेला पांढरा सॉस लोणी, मैदा आणि दूध यांचा असतो. वरून चीजचा थर. केवळ एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक. खालचा पास्ता बदलून वरचा सॉस तसाच ठेवणे म्हणजे साखर सोडून चहासोबत जिलेबी खाण्यासारखे आहे. ग्लुटेन न चालणाऱ्या सीलिअॅक रुग्णांनी तर या मैद्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांच्या दृष्टीने भाजी निर्धोक असली तरी सॉसमधला मैदा घातकच असतो.

पास्त्याची बाजूही मांडायला हवी. त्याची गणना मैद्याच्या पावाबरोबर सरसकट केली जाते, ते योग्य नाही. डुरमच्या रव्यातील प्रथिनांची घट्ट वीण पिष्टाच्या कणांना धरून ठेवते. परिणामी पास्ता पावापेक्षा सावकाश पचतो आणि रक्तातील साखरही त्या मानाने हळू चढते. थोडा कणीदार ठेवला तर अधिकच. त्यामुळे प्रमाणात खाल्लेला पास्ता मधुमेहींना वर्ज्य नाही. निम्मा पास्ता आणि निम्म्या भाजीच्या शेवया, हा मध्यममार्ग अनेक घरांना अधिक पेलणारा आहे. मुले तर त्यात भाजी आहे म्हणून फारशी कुरकुरही करत नाहीत.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट विसरू नये. औषधाची मात्रा नेहमीच्या जेवणाशी जुळवलेली असते. रात्रीच्या ताटातील कर्बोदके एकाएकी ६० ग्रॅमवरून ६ ग्रॅमवर आली आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. दरदरून घाम, हातापायांना थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. असा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. इतरांनीही पनीर, अंडी, राजमा, छोले, चिकन यांपैकी काहीतरी सोबत घ्यावे. एरवी दोन तासांत पुन्हा भूक लागून फरसाणाचा डबा उघडला जातो.

पाण्याची अडचण

या पर्यायाबद्दलची सर्वांत मोठी तक्रार म्हणजे ताटात साचणारे पाणी. पास्ता शिजताना पाणी शोषून घेतो, तर भाजी शिजताना पाणी सोडते. शिवाय पास्त्याच्या पाण्यात उतरलेल्या पिष्टामुळे तेल आणि टोमॅटो एकजीव होऊन सॉस मिळून येतो. भाजीत हे पिष्ट नसल्याने सॉस शेवयांवर न टिकता खाली ओघळतो.

यावरचा उपाय मराठी स्वयंपाकघराला नवा नाही. खमंग काकडी करताना चोचवलेल्या काकडीला मीठ लावून पाणी पिळून काढतात, तसेच येथे करावे. झुकिनीच्या शेवयांना मीठ चोळून १५ ते २० मिनिटे चाळणीत ठेवावे आणि स्वच्छ फडक्यात हलक्या हाताने पिळून घ्यावे. नंतरच्या सॉसमध्ये मीठ बेतानेच घालावे. सॉस आधी चांगला आटवावा, शेवया अगदी शेवटी मोठ्या आचेवर एक-दोन मिनिटेच परताव्यात आणि लगेच वाढाव्यात. झाकण ठेवले की वाफेने लगदा झालाच म्हणून समजावे.

शेवया काढण्यासाठी स्पायरलायझर नावाचे फिरकीचे यंत्र मिळते. ते नसले तरी बिघडत नाही. सालकाढण्याने लांब पट्ट्या काढाव्यात, म्हणजे रुंद पास्त्याची जागा त्या घेतात; त्याच सुरीने उभ्या चिरल्या की शेवया तयार होतात. झुकिनीचा मधला बियांचा भाग घेऊ नये, पाणी तेथेच अधिक असते.

गाजराच्या शेवयांना पिळावे लागत नाही. त्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे शिजवाव्यात आणि त्यांना थोडे तेल अवश्य द्यावे, कारण गाजरातील बीटा कॅरोटिन स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषले जाते. कोबीची लांब चिरलेली पानेही चांगली लागतात. दुधी घ्यायचा तर कोवळाच, बिया काढून.

लझान्यातील पास्त्याच्या थरांऐवजी वांग्याचे उभे काप वापरतात. वांग्याचा गर स्पंजासारखा पोकळ असल्याने तळताना ते तेल पिऊन टाकते. काप ब्रशने तेलाचा हात लावून आधी ओव्हनमध्ये किंवा तव्यावर भाजून घेतले की तेल पुष्कळ कमी लागते. दक्षिण इटलीत वांगे, टोमॅटो आणि चीज यांचे थर देऊन केलेली पार्मिजाना पिढ्यान्‌पिढ्या केली जाते. तिला कोणाचा पर्याय म्हणून कोणी खात नाही, ती स्वतःच्या चवीवर उभी आहे.

यंत्राविना शेवया देणारा एक भोपळाही आहे. ‘स्पॅगेटी स्क्वॉश’ भाजला की त्याचा गर काट्याने ओढताच धाग्याधाग्यांनी सुटतो. हे धागे फळात आडवे, गोलाकार फिरलेले असतात. म्हणून लांब धागे हवे असल्यास फळ उभे न कापता आडवे कापावे. आपल्या मंडईत मात्र तो सहसा दिसत नाही.

दुकानातील हिरव्या-लाल रंगाच्या पास्त्याला या प्रकारात धरू नये. तो गव्हाचाच असतो, त्यात पालक किंवा टोमॅटोची पूड रंगापुरती असते.

कडू लागल्यास

झुकिनी, दुधी, भोपळा यांच्या कुळात कुकरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या जातींत ती जवळजवळ नाहीशी केलेली आहेत. मात्र घरी राखलेल्या बियाण्यात शोभेच्या कडू भोपळ्याचे परागीकरण झालेले असल्यास, किंवा वेलीला पाण्याचा मोठा ताण पडल्यास ती पुन्हा वाढू शकतात. जर्मनीतील हाइडेनहाइम येथे २०१५ मध्ये घरगुती बागेतील कडू झुकिनीची भाजी खाऊन ७९ वर्षांच्या एका गृहस्थाचा मृत्यू झाला. भारतात २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीच्या रसाने एकाचा बळी घेतला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि कडू रस पिऊ नये, असा इशारा देण्यात आला.

ही द्रव्ये शिजवल्याने नष्ट होत नाहीत आणि त्यांवर उताराही नाही. गच्चीवरील बागेत झुकिनी किंवा दुधी लावणाऱ्यांनी बियाणे दरवर्षी विश्वासू दुकानातून नवे घ्यावे. चिरण्यापूर्वी देठाकडचा कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि ते फळ वापरू नये. मसाल्याने कडूपणा झाकण्याचा प्रयत्न करू नये. खाल्ल्यावर उलट्या, जुलाब किंवा पोटात कळा सुरू झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे आणि उरलेली भाजी सोबत न्यावी.