हिरवं पाणी, तपकिरी डाग आणि दोन हजार वर्षं जुनी एक चाचणी

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, स्विमिंग पूलचा कसला आलाय इतिहास? पण थांबा जरा.

ऑगस्ट 2016. रिओ ऑलिंपिक. मारिया लेंक अ‍ॅक्वाटिक्स सेंटरमधला डायव्हिंगचा तलाव 9 तारखेला चक्क हिरवागार झाला. टीव्हीवर शेजारचा निळा तलाव आणि हा हिरवा, दोन्ही एकाच फ्रेममध्ये! दुसऱ्या दिवशी त्याच हिरव्या पाण्यात उड्या मारून ब्रिटनच्या जॅक लाफर आणि ख्रिस मिअर्स यांनी सुवर्णपदक जिंकलं. मग शेजारचा वॉटर पोलोचा तलावही हिरवट व्हायला लागला, आणि डोळे चुरचुरतात अशी खेळाडूंची तक्रार आली.

आता पाणी हिरवं म्हटलं की संशयित दोन. एक शेवाळ, दुसरं तांबं. ढोबळ खूण अशी, की पाणी गढूळ हिरवं असेल तर बहुधा शेवाळ, आणि तळ स्वच्छ दिसतोय पण रंग हिरवा-निळा आहे, तर तांब्याची चाचणी आधी करायची. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून आधी ओळख पटणं महत्त्वाचं. रिओत मात्र खुलासेच बदलत गेले. कधी शेवाळ, कधी अल्कलिनिटी, कधी रसायनं संपली. शेवटी कळलं, की 5 ऑगस्टला कुणीतरी पाण्यात 80 लीटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. पेरॉक्साइड क्लोरीनला निकामी करतं. म्हणजे पाण्याचा पहारेकरीच झोपवला! कलात्मक जलतरणाच्या स्पर्धा तोंडावर होत्या, त्यामुळे मोठ्या तलावातलं सुमारे 37 लाख लीटर पाणी काढून सरावाच्या तलावातलं भरावं लागलं.

बरं, पाण्यातला धातू ओळखायचा कसा? इथे आपण थेट रोममध्ये जाऊ. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेलेला प्लिनी आठवतोय? त्याच्या ग्रंथात एक भेसळ पकडायची युक्ती आहे. तांब्यावरचा हिरवा गंज, म्हणजे जंगाल, तेव्हा औषधात आणि रंगात वापरायचे. व्यापारी त्यात स्वस्त हिराकस मिसळायचे. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. प्लिनी सांगतो, मायफळाच्या रसात भिजवलेला पपायरस घ्या आणि त्यावर हा माल लावा. लोखंड असेल तर कागद लगेच काळा! हो, तेच मायफळ, जे बाळगुटीत उगाळतात. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, हिरडा आणि हिराकस मिळून शाई होते, ते सगळं हेच रसायन. आजच्या टेस्ट स्ट्रिपची पणजी म्हणा हवं तर.

सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलने झऱ्यांच्या पाण्यातलं लोखंड शोधायला मायफळच वापरलं. 1685 मध्ये खनिज पाण्यावर त्याचं पुस्तकही आलं. तांब्यासाठी वेगळी युक्ती होती. हरणाच्या शिंगापासून काढलेला अमोनियायुक्त अर्क घालायचा. तांबं असेल तर गडद निळा रंग.

पण तलावात तांबं येतं कुठून? गंमत इथेच आहे. 1904 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी दाखवलं, की अगदी थोड्या मोरचुदाने पाण्यातलं शेवाळ मरतं. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना मोरचूद सांगायला नको, बोर्डो मिश्रणात तेच असतं. तलाववाल्यांनीही ते उचललं. म्हणजे हिरवं शेवाळ नको म्हणून तांबं टाकायचं, आणि ते जास्त झालं की पाणी पुन्हा हिरवंच! सोनेरी केस हिरवे होतात तेही तांब्यामुळे. शिव्या मात्र क्लोरीन खातं.

लोखंडाचं वेगळंच. बोअरवेलचं पाणी वर येताना नितळ असतं, कारण विरघळलेल्या लोखंडाला रंग जवळपास नसतो. क्लोरीन टाकलं की ऑक्सिडेशन होतं, गंज तयार होतो, आणि कडेला तपकिरी डाग. सोसायटीच्या पूलवाल्याला वाटतं पाणी घाण आहे, तो आणखी क्लोरीन ओततो, आणि डाग अजून गडद!

म्हणून डाग दिसला की आधी छोटी चाचणी. व्हिटॅमिन सीची गोळी कुटून, पातळ मोज्यात घालून डागावर थोडा वेळ दाबून धरा. डाग फिका झाला तर धातू, बहुतेक वेळा लोखंड. व्हिटॅमिन सी गंजातल्या लोखंडाला पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणतं. नाही गेला, पण थोड्याशा क्लोरीनने गेला, तर तो पानांचा किंवा शेवाळाचा. फक्त या दोन गोष्टी एकत्र मिसळू नका, एकापाठोपाठही नको, जागा वेगळी घ्या. आणि डाग गेला म्हणून लोखंड गेलं असं नाही, ते परत पाण्यात उतरलंय. शिवाय सगळ्या तलावाला ही मात्रा द्यायची ठरवलीत, तर व्हिटॅमिन सीसुद्धा क्लोरीन खाऊन टाकतं, रिओतल्या त्या पेरॉक्साइडसारखंच.