जहाजे भरल्यानंतर उरलेले : कॉर्क शहराच्या खाण्याचा इतिहास

कॉर्क हे आयर्लंडच्या दक्षिणेकडचे बंदराचे शहर. आपल्याकडच्या मागच्या पिढ्यांना ते ठाऊक झाले ते एका न जेवलेल्या माणसामुळे. टेरेन्स मॅक्स्विनी हे या शहराचे महापौर. १९२० च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सरकारने त्यांना पकडले, त्यांनी अन्न वर्ज्य केले, आणि लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात उपोषणाच्या ७४ व्या दिवशी, २५ ऑक्टोबर १९२० रोजी, त्यांनी प्राण सोडला. पुढे १९२९ च्या सप्टेंबरात लाहोरच्या तुरुंगात जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा मॅक्स्विनींच्या कुटुंबाने हिंदुस्थानात सांत्वनाची तार पाठवली होती. कॉर्कशी आपली ओळख ती अशी, उपासाच्या वाटेने झालेली. आज मी त्या शहराच्या जेवणाविषयी बोलणार आहे.

सुरुवातीलाच कबूल करतो की मी इतिहासाचा पंडित नव्हे, आणि कॉर्क मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. कामगार चळवळीत उमेदीची वर्षे गेली, आणि जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, रात्री वाचले. पण त्या कामामुळे एक सवय जडली आहे. कोणी सुग्रास जेवणाचे ताट दाखवले की मी आधी विचारतो, हे ज्याने पिकवले, कापले, वाहिले, त्याच्या ताटात काय होते? कॉर्कच्या बाबतीत हा प्रश्न विचारला, आणि उत्तर मोठे विलक्षण मिळाले. आज ज्याला त्या शहराचे 'खास कॉर्कचे' म्हणून मिरवतात ते जवळजवळ सगळे पदार्थ जहाजे भरून गेल्यानंतर धक्क्यावर उरलेल्या मालाचे आहेत.

ते कसे झाले, हे थोडे मागे जाऊन पाहू. १६६७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने आयर्लंडची जिवंत जनावरे इंग्लंडात आणण्यास बंदी घातली. हेतू इंग्रज जमीनदाराचे भाव सांभाळण्याचा. आयरिश व्यापाऱ्याने मग जनावर कापून, मीठ लावून, पिंपात भरून दूरदेशी पाठवण्याचा धंदा वाढवला. ली नदीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेले कॉर्क, त्यापुढे ऐसपैस सुरक्षित बंदर, आणि अटलांटिक ओलांडण्याआधीचा जवळजवळ शेवटचा मुक्काम. अठराव्या शतकात या शहराएवढे खारवलेले मांस आणि लोणी क्वचितच दुसरीकडून जात असेल. ब्रिटिश आरमाराची, व्यापारी तांड्यांची, वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांची पोटे कॉर्कच्या पिंपांवर भरत होती.

(येथे श्रोत्यांपैकी काहींना गोमांसाची चर्चा रुचणार नाही, हे मी जाणतो. पण त्या लोकांचे ते अन्न होते आणि त्या शहराचा तो धंदा होता. तो झाकून ठेवला तर पुढचे काहीच उलगडणार नाही.)

पिंपांतही प्रतवारी असे. चांगल्या जनावराचे मांस आरमाराला आणि मळेवाल्यांना. म्हाताऱ्या, हाडकुळ्या गाईंचे मांस फ्रेंच बेटांवरच्या गुलामांसाठी. म्हणजे कॉर्कच्या कत्तलखान्यात राबणारा उपाशी माणूस अटलांटिकपलीकडच्या त्याहून उपाशी माणसाचा घास मिठात घालत होता, आणि दोघांची एकमेकांना कधी ओळख होणार नव्हती. मला ही एक ओळ पुस्तकात सापडली त्या रात्री पुढे वाचवले नाही.

शरद ऋतू आला की कत्तलीचा हंगाम सुरू होई. हजारो जनावरे शहराच्या उत्तरेकडच्या वाड्यांत कापली जात. पिंपात जाई ते नुसते मांस. मग मागे काय राहील याचा हिशेब आपल्यातला कोणीही करू शकेल. डोकी, जिभा, काळीज, गुर्दे, वजडी, आतडी, खूर, फासळ्या आणि रक्त. हा माल मिठात टिकत नाही, जहाजावर चालत नाही, दोन दिवसांत खाल्ला नाही तर फेकावा लागतो. तो कामगाराच्या वाट्याला आला. काही ठिकाणी मजुरीचाच एक भाग म्हणून, काही ठिकाणी कवडीमोलाने. मालकाच्या दृष्टीने हा मोठा सोयीचा व्यवहार. जे विकले जात नाही त्यात मजुरी भागवायची. मला यात परके काही वाटले नाही. एका कारखान्यात बोनसच्या वाटाघाटींत मालकाच्या माणसाने दिवाळीच्या मिठाईच्या पुड्याची किंमत आकड्यात धरून दाखवली होती, त्याची आठवण झाली. मिठाई निदान आमच्या आवडीची होती, एवढाच फरक.

आणि मग त्या घरांतल्या बायकांनी जे केले, तो कॉर्कच्या पाकशास्त्राचा खरा आरंभ.

त्यांतला सर्वांत नामांकित पदार्थ ड्रिशीन. मेंढीचे आणि गाईचे रक्त स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून ते उकडायचे. आपल्याकडे रक्ती खाणाऱ्या घरांना हे समजावून सांगायला नको. इतर ठिकाणच्या रक्ताच्या सॉसेजात ओट किंवा दुसरे धान्य घालून घट्टपणा आणतात. ड्रिशीनमध्ये ते नाही, म्हणून ते खरवसासारखे मऊ, थरथरते राहते. त्याची जोडी वजडीशी. वजडी दुधात आणि कांद्यात तासनतास मंद आचेवर शिजवायची, रस्सा दाट करायचा, आणि शेवटी ड्रिशीनच्या चकत्या त्यात सोडायच्या. रंगाने पांढुरके, वासाने सौम्य, पचायला हलके; आजाऱ्याला आणि अशक्त माणसाला हेच देत. ज्या मालाला सभ्य घरात जागा नव्हती त्याचे पथ्याचे अन्न करून दाखवणे, हे काम सोपे नाही. जेम्स जॉइसच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत बाप मुलाला घेऊन आपल्या जुन्या कॉर्क शहरात येतो आणि सकाळच्या न्याहारीला ड्रिशीन मागवतो. डब्लिनला जाऊन राहिलेल्या माणसाला गावी परतल्यावर पहिली आठवण त्याचीच व्हावी, यात सगळे आले.

एकोणिसाव्या शतकात नेपोलियनची युद्धे संपली, आरमाराची मागणी ओसरली, आणि गोमांसाची जागा डुकराने घेतली. शहरात बेकनचे कारखाने निघाले. पुन्हा तोच न्याय. पाठ आणि मांड्या इंग्लंडला, पाय कॉर्कला. डुकराच्या पायांना तिथे क्रुबीन म्हणतात. आयरिश भाषेत लहानसा खूर असा त्याचा अर्थ. शनिवारी पगार हातात पडला की दारूच्या गुत्त्याजवळ उकडलेले खारे क्रुबीन विकायला बसलेल्या बाया असत. हातात धरून चोखून खायचे, खारटपणाने तहान वाढायची, आणि गुत्तेवाल्याचे बरे व्हायचे. फासळ्यांना 'बॉडिस', म्हणजे चोळी, असे नाव पडले, कारण तो बरगड्यांचा पिंजरा चोळीसारखा दिसतो. हे नाव कोणा आचाऱ्याने दिले नसावे. ते वाड्यातल्या थट्टेतून आलेले असणार. शुक्रवारी कॅथॉलिक लोकांना मांस वर्ज्य, तेव्हा लिंग नावाचा खारवून वाळवलेला मासा. तो फळीसारखा कडक असे, त्याला गावात 'बॅटलबोर्ड' म्हणत. बेकरीत उरलेल्या शिळ्या पावाचा कुस्करा मसाला घालून पुन्हा भाजला की त्याचा 'चेस्टर केक' होई. मुलांना तो एका पेनीत पोटभर मिळे.

फक्त नाताळचा मसाल्याचा गोमांसाचा तुकडा या सर्वांत वेगळा. तो उरलेला माल नव्हे. मीठ, सोरा, मिरे, लवंग, दालचिनी, वेस्ट इंडीजचा ऑलस्पाइस यांत आठवडेच्या आठवडे मुरवलेला तो तुकडा वर्षातून एकदा घरी येई. मिऱ्याचे मूळ आपल्या मलबारचे. जी जहाजे पिंपे घेऊन जात तिच्याच व्यापाराच्या जाळ्यातून हे मसाले उलट वाटेने येत. गरिबाच्या ताटात साम्राज्याचा नफा एवढाच उतरे, तोही चिमूटभर, डिसेंबरात.

लोण्याची कथा निराळी सांगितली पाहिजे, कारण ती कॉर्कने अधिक अभिमानाने जपली आहे. १७६९ साली लोण्याच्या व्यापाऱ्यांनी एक समिती नेमून शँडन टेकडीवर लोण्याचा बाजार सुव्यवस्थित केला. केरीच्या डोंगरांतून खास या कामासाठी १७४८ मध्ये बांधलेल्या रस्त्याने खेड्यापाड्यांतले लोणी 'फर्किन' नावाच्या लाकडी पिंपांत भरून येई. तपासनीस प्रत्येक पिंपात लांब गिरमिट खुपसून लोणी काढी, वास घेई, चाखे आणि प्रत ठरवून शिक्का मारी. माल कोणाचा हे त्याला कळू नये, अशी व्यवस्था होती. रिकाम्या पिंपाचे वजन करून तेही त्यावर कोरले जाई. हे काम जिथे चाले ती १८५५ ची गोल इमारत, फर्किन क्रेन, आजही उभी आहे. एवढी चोख मापे त्या काळी दुर्मिळ. जगाच्या बाजारात कॉर्कच्या शिक्क्यावर डोळे मिटून सौदे होत. ती पिंपे घडवणाऱ्या कारागिरांचाही मोठा दरारा होता.

पण लोणी करणारा शेतकरी लोणी खात नव्हता. लोण्याने जमीनदाराचा खंड भागे. घरात राही ते ताक, आणि ताकाबरोबर बटाटे. सकाळ, दुपार, रात्र बटाटे. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला तेव्हा घरात दुसरे काही नव्हतेच. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडात सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली, तितकीच देश सोडून गेली. आणि बंदरांतून धान्य आणि लोणी बाहेर जात राहिले. १८४६ च्या सप्टेंबरात कॉर्क परगण्यातल्या यॉल बंदरात लोकांनी धान्याची जहाजे अडवण्याचा प्रयत्न केला. शेजारच्या डंगार्व्हनमध्ये लष्कराने जमावावर गोळ्या झाडल्या. त्याच सुमारास कलकत्त्यात आयर्लंडच्या दुष्काळासाठी वर्गणी जमत होती, ही गोष्ट आपण विसरू नये. कॉर्क शहरात फादर मॅथ्यू या धर्मगुरूंनी सूप वाटण्याची केंद्रे उघडली. लोण्याच्या तपासनिसाचे गिरमिट त्या वर्षांतही थांबले नव्हते.

लोण्याचा बाजार पुढे डॅनिश लोण्याच्या आणि मार्गारिनच्या स्पर्धेत खचला व १९२४ साली बंद झाला. आज शँडनला लोण्याचे संग्रहालय आहे.

शहराच्या मध्यावरची मंडई मात्र टिकली. १७८८ मध्ये उघडलेली ही मंडई 'इंग्लिश मार्केट' म्हणून ओळखली जाते, कारण तेव्हाची नगरपालिका प्रोटेस्टंट, इंग्रजनिष्ठ वर्गाच्या हातात होती. १८४० नंतर सत्ता बदलली आणि १८४३ च्या सुमारास कॉर्नमार्केट स्ट्रीटला गरिबांसाठी दुसरी मंडई निघाली. तिला साहजिकच 'आयरिश' म्हणू लागले. नावावरूनच कोण कुठे खरेदी करी ते कळते. गंमत अशी, की काळाच्या ओघात गरिबाची मंडई बंद पडली आणि इंग्लिश मार्केट हेच गरिबाचे झाले. वजडी, ड्रिशीन, क्रुबीन, खारा मासा यांची दुकाने तिथे पिढ्यान् पिढ्या चालली.

या दुकानांना खरा धक्का १९८० नंतर बसला. १९८० मध्ये मंडईला मोठी आग लागली, ती नगरपालिकेने पुन्हा उभी केली. पण गिऱ्हाईक कुठून आणणार? १९८३ मध्ये डनलॉपचा टायर कारखाना बंद झाला, १९८४ मध्ये फोर्डचा, त्याच वर्षी व्हेरोल्मची गोदी. फोर्डचा कारखाना १९१७ पासून त्या शहराचा पोशिंदा होता. दोन वर्षांत हजारो घरांचा पगार गेला. मला वाटले होते की पगार गेल्यावर लोक स्वस्त वजडीकडे वळले असतील. पण तसे घडले नाही. तरुण पिढी लंडनला गेली, आणि जी राहिली तिला आजीच्या पातेल्याची लाज वाटत होती. गरिबीचे अन्न गरीबच आधी टाकतो, कारण त्याला ते आठवण करून देते. हे मी आपल्याकडेही पाहिले आहे, आणि त्यात कोणाचा दोष काढण्याची माझी छाती नाही.

परतीची वाट वेगळ्या दिशेने आली. १९६४ मध्ये कॉर्कच्या पूर्वेला शानागॅरी खेड्यात मर्टल ॲलन या बाईंनी आपल्या शेतघरात खानावळ काढली. फ्रेंच नावांचे पदार्थ न देता आसपासच्या शेतांत आणि समुद्रात जे मिळेल तेच वाढायचे, हा त्यांचा हट्ट. त्या काळच्या आयर्लंडात ही धिटाईच म्हणायची. चांगले अन्न म्हणजे परके अन्न, अशी तिथल्याही सुशिक्षितांची समजूत होती. त्यांच्या पाठोपाठ एक पिढी तयार झाली, आणि १९९४ मध्ये इंग्लिश मार्केटच्या वरच्या सज्ज्यातच फार्मगेट नावाची खानावळ उघडली. खालच्या दुकानांतला माल वर शिजवायचा. तिच्या पदार्थांच्या फळ्यावर वजडी आणि ड्रिशीन लिहिले गेले.

ज्या बाईने ते पहिल्यांदा शिजवले तिला या फळ्याचा काय उपयोग, असे माझ्यातला कामगार पुढारी विचारतो. पण दुसरी बाजूही मला मान्य केली पाहिजे. लोण्याच्या व्यापाऱ्यांच्या वह्या आहेत, शिक्के आहेत, संग्रहालय आहे. कत्तलखान्यातल्या मजुराने आणि त्याच्या बायकोने मागे कागद ठेवला नाही. त्यांचे घरी राहिले काय? दूध, कांदा आणि वजडी किती वेळ शिजवायची याची रीत. ती रीत मोडली तर ती माणसे होऊन गेल्याचा पुरावाही मोडला.

२० मे २०११ रोजी इंग्लंडची राणी एलिझाबेथ या मंडईत आली. मॅक्स्विनी तुरुंगात गेले तेव्हा जो राजा गादीवर होता, त्याची ही नात. मासे विकणाऱ्या एका दुकानदाराने तिला काही विनोद सांगितला, राणी खळखळून हसली, आणि ते छायाचित्र जगभर गेले. दुकानात त्या दिवशी ताजी मासळी मांडलेली होती. सज्ज्यात, नेहमीप्रमाणे, दुपारच्या जेवणाची भांडी चढली असतील.