छायाचित्रण : प्रकाशाने लिहिण्याची कला

'फोटोग्राफी' हा शब्द प्रकाश आणि रेखाटन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. फ्रान्सच्या निसेफोर नीप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून टिपलेले दृश्य हे कॅमेऱ्याने घेतलेले आणि आजही जतन असलेले सर्वांत जुने छायाचित्र मानले जाते. १९ ऑगस्ट १८३९ रोजी लुई दागेर यांची पद्धती पॅरिस येथे जगापुढे खुली झाली. अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत.

प्रकाशाचे गणित

कॅमेरा कोणताही असो, छायाचित्र तीन गोष्टींवर अवलंबून असते : भिंगाचे छिद्र (अॅपर्चर), शटरचा वेग आणि आयएसओ, म्हणजेच प्रकाशसंवेदनक्षमता. एफ/२.८ ला छिद्र मोठे होते आणि पार्श्वभूमी धूसर होते. एफ/१६ ला ते लहान होऊन जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट दिसते. सेकंदाच्या हजाराव्या भागात उडता पक्षी स्थिर होतो, तर एक सेकंद शटर उघडे ठेवल्यास धबधबा रेशमासारखा भासतो. आयएसओ वाढविल्यास मंद उजेडातही चित्र मिळते. मात्र त्यात खरखर, अर्थात 'नॉइज', वाढते.

प्रमुख प्रकार

व्यक्तिचित्रण : यात चेहऱ्याइतकेच स्वभावाला महत्त्व असते. मराठी वाचकांना गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११) यांचे नाव या संदर्भात सर्वप्रथम आठवेल. मऊ प्रकाश आणि समोरच्या व्यक्तीचा विश्वास हीच येथील खरी साधने होत.

निसर्गचित्रण : सूर्योदयानंतरचा व सूर्यास्तापूर्वीचा तिरपा प्रकाश डोंगरांना उठाव देतो. तिपाई आणि संयम या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. सह्याद्रीतील घाटमाथे पावसाळ्यात ढगांनी वेढले जातात, तेव्हा काही क्षणांची उघडीप मिळविण्यासाठी तासन् तास थांबावे लागते.

वन्यजीव छायाचित्रण : लांब पल्ल्याचे भिंग आणि प्राण्यांच्या सवयींचा अभ्यास यांवर ही शाखा उभी आहे. घरट्याजवळ जाऊन काढलेल्या छायाचित्रामुळे पक्षी पिल्लांना सोडून जाऊ शकतात. त्यामुळे काही स्पर्धांत घरट्यांची छायाचित्रे स्वीकारलीच जात नाहीत.

वृत्तछायाचित्रण : मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. महात्मा गांधींच्या अंत्ययात्रेसह स्वातंत्र्यकाळातील अनेक घटना त्यांनी टिपल्या. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेत रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी टिपलेल्या, दफन होत असलेल्या बालकाच्या चेहऱ्याने त्या शोकांतिकेची व्याप्ती जगाला समजली. अशा चित्रांत सौंदर्यापेक्षा साक्ष महत्त्वाची ठरते.

याखेरीज सूक्ष्मचित्रण (मॅक्रो), स्थापत्य, रस्त्यावरील जीवन, क्रीडा आणि जाहिरात या शाखाही स्वतंत्रपणे विकसित झाल्या आहेत.

विश्वासाचा प्रश्न

१९७५ मध्ये कोडॅक कंपनीचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा घडविला. त्यानंतर रिळ आणि अंधारी खोली हळूहळू मागे पडली व चित्रात बदल करणे सोपे झाले. २०२३ मध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डॅग्सेन यांनी सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेतील पारितोषिक नाकारले. त्यांची विजेती प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार झाली होती. छायाचित्र आणि कृत्रिम प्रतिमा यांनी एकमेकांशी स्पर्धा करू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

जाहिरातीत कल्पनेला मोकळीक असते, बातमीत नसते. उजेड कमी-जास्त करणे आणि चौकटीतील माणूस पुसून टाकणे यांतील फरक ओळखणे, हा छायाचित्रणाचा पहिला धडा म्हणता येईल. नवशिक्याने महागड्या उपकरणांच्या मागे लागण्याआधी हातातील मोबाइलवर एकच वस्तू सकाळी, दुपारी व संध्याकाळी टिपून पाहावी. प्रकाशाची भाषा त्यातूनच उमगू लागते.