वाहनांची बाह्य मापे (चंद्रपूर–गडचिरोली)

वाहनाच्या सांगाड्यावर बांधलेल्या बॉडीची लांबी, रुंदी, उंची आणि आसामागे लोंबणारा भाग नियमाने ठरवलेल्या रीतीने मोजणे. भारतात यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 93 लागू आहे. चंद्रपूर (नोंदणी संकेत एमएच 34) आणि त्यापासून 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झालेला गडचिरोली (एमएच 33) या जिल्ह्यांत हा विषय मुख्यतः मालट्रकांचा.

रीत : वाहनाच्या अक्षाशी काटकोनात, दोन्ही अंगांच्या टोकाच्या बिंदूंवरून जाणाऱ्या उभ्या प्रतलांमधील अंतर म्हणजे रुंदी; मर्यादा 2.6 मीटर. हौदा खाली अरुंद नि वर फुगलेला असला तरी सर्वांत बाहेरचा बिंदूच धरायचा. सपाट जागी त्या बिंदूपासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूची खूण करतात आणि फीत दोन खुणांमध्ये धरतात. थेट बॉडीवरून ओढलेली फीत फुगवट्यावर वळते आणि माप जास्त भरते. आरसे व दिशादर्शक दिवे रुंदीत येत नाहीत. लांबीतून शिडी, मागचा दिवा, नंबरप्लेट, जादा चाक, बंपर वगळले आहेत. वगळण्याच्या यादीत 30 सेंटिमीटरपर्यंतची टपालपेटीही आहे. यादी किती जुन्या काळी बेतली गेली हे त्यावरून कळावे. उंची चाके टेकलेल्या पृष्ठभागापासून; मालवाहू वाहनांना 2020 च्या दुरुस्तीने 3.8 ऐवजी 4 मीटरची मुभा मिळाली. मागचा लोंबता भाग आसांमधील अंतराच्या 60 टक्क्यांपर्यंत चालतो. दोन आसांच्या ट्रकमध्ये ते अंतर 5 मीटर असेल, तर मागच्या आसापलीकडे 3 मीटर.

शर्यतीच्या गाड्या : तुलनेसाठी, या गाड्यांत उंचीची मोजणी जमिनीपासून नव्हे, गाडीच्या तळाशी कल्पिलेल्या संदर्भप्रतलापासून होते. फॉर्म्युला वनमध्ये एकूण रुंदी 1998 पासून 1800, 2017 पासून 2000 आणि 2026 पासून 1900 मिलिमीटर. पंख वजन लावून किती वाकतो हेही तपासतात. तळाची फळी 1994 पासून सक्तीची. नवी 10 मिलिमीटर जाड, झिजून 9 च्या खाली गेल्यास गाडी बाद. 2023 च्या ऑस्टिन शर्यतीत हॅमिल्टन व लक्लेर यांचे निकाल याच कारणाने रद्द झाले. वगळण्याच्या सवलती इथे फार थोड्या.

बांबू आणि खनिज : चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कोणते माप आड येईल हे मालावर ठरते. बल्लारपूरच्या कागद गिरणीसारख्या ग्राहकाकडे जाणारा बांबू हलका आणि लांब. वजनकाट्यावर ट्रकला बरीच जागा शिल्लक असते, पण बंडले फाळक्याबाहेर येतात किंवा उंची संपते. उलट एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज इतके जड, की हौदा अर्धाही न भरता वजनाची मर्यादा गाठली जाते. खनिजाच्या टिप्परला फीत लावून फारसे हाती लागत नाही. त्याचा निवाडा काट्यावरच. सागवानी ओंडके या दोहोंच्या मधले.

मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने (कलम 194, पोटकलम 1-अ) माल बॉडीच्या बाजूंना, पुढेमागे अथवा परवानगीपेक्षा उंच गेल्यास 20,000 रुपये दंड ठेवला असून जादा माल उतरवण्याचा खर्चही वाहनवाल्यावर टाकला आहे. सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने सूट मिळू शकते. बॉडीचे माप नोंदणीच्या वेळी एकदाच घ्यायचे असले, तरी मालाचे प्रत्येक खेपेला वेगळे, आणि तपासनाक्यावरचे वाद बहुधा मालाचेच.

बैलगाड्यांच्या शर्यती : पाहा ‘शंकरपट’.